कुंपणातला सोमल

मराठी भाषेने कुंपणाला फारसा मान दिलेला नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे म्हणताना आपण सरड्याबरोबर कुंपणालाही हलके लेखतो. आणि विश्वासातल्या माणसाने घात केला की कुंपणानेच शेत खाल्ले, असे म्हणून कपाळाला हात लावतो. ही दुसरी म्हण शब्दशः खरी ठरू शकते, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळले. आणि तेही कोकणातल्या आमच्या परसात नव्हे, तर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, नरकचतुर्दशीच्या पहाटे.

साल २००४. शाळेत इतिहास शिकवण्याच्या नोकरीतून मी मोकळा झालो होतो आणि आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी मुलीकडे गेलो होतो. नोव्हेंबरचा महिना, बाहेर कडाक्याची थंडी. घरात नळाला अष्टौप्रहर कढत पाणी, तेव्हा अभ्यंगस्नानाची अडचण काहीच नव्हती. पण धुराचा वास आल्यावाचून आणि लाकूड तडतडल्यावाचून नरकचतुर्दशी उजाडली असे माझ्या मनाला वाटेना. जावईबापूंनी परसात एक घमेल्यासारखी लोखंडी शेगडी ठेवलेली होती. उन्हाळ्यातल्या वादळात मागच्या कुंपणाचा एक भाग आडवा झाला होता. त्या जागी नव्या फळ्या आल्या आणि जुन्या गॅरेजमागे रचून ठेवल्या होत्या. दहाबारा वर्षे उन्हापावसात राहून वरून राखी झालेल्या, पण फोडल्यावर आतून किंचित हिरवट. कोकणी माणसाला असले लाकूड वाया गेलेले पाहवत नाही. आदल्या संध्याकाळी मी कुऱ्हाड घेऊन चार फळ्यांचे तुकडे केले. पहाटे नातवाला उठवले. आठ वर्षांचा पोर कानटोपी घालून, डोळे चोळीत शेगडीपाशी येऊन उभा राहिला. मी काडी ओढणार, एवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

शेजारचे म्हातारबुवा कुत्र्याला फिरवावयास निघाले होते. जन्मभर टेलिफोनच्या तारांच्या खांबांवर चढउतार केलेला माणूस. बोलणे थोडे, पण नजर बारीक. ते वळसा घालून आत आले, एक तुकडा उचलून दिव्याखाली धरला, आणि म्हणाले, "हे पेटवू नका. ह्यात आर्सेनिक आहे. धूर पोराच्या छातीत जाईल."

आर्सेनिक म्हणजे सोमल. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत सवती एकमेकींना घालीत तो, आणि उंदरांना पिठातून चारतात तो! तो बागेच्या कुंपणात कशाला येईल? मी हसण्यावारी नेणार होतो. पण तोवर मुलगी धावत बाहेर आली. "बाबा, थांबा! ठेवा ती काडी खाली." तिचा चेहरा पाहून मी काडी खाली ठेवली.

पुढे वाचावयास मिळाले ते असे. विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खेड्यात आईबाप आणि सहा मुले असे आठ जणांचे कुटुंब राहत असे. हिवाळा आला की घरात दुखणी सुरू होत. अंगावर पुरळ, स्नायूंत पेटके, नाकातून रक्त. आईबापांचे तर केस झडून गेले. उन्हाळ्यात साऱ्यांना बरे वाटे. कारण सापडेना. अखेर लक्षात आले की चुलीत ते असल्याच हिरवट लाकडाचे उरलेसुरले तुकडे जाळीत होते. लाकूड जळे, सोमल काही धुरातून घरात पसरे आणि उरलेला राखेत बसे. ही हकीकत तेथल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात १९८४ साली छापून आली. ती वाचून होईपर्यंत माझा चहा निवून गेला होता.

त्या दिवशी फराळाला माझे लक्ष नव्हते. मुलीने त्याच कुंपणाला लागून उन्हाळ्यात मेथी आणि कोथिंबीर लावली होती. फोनवर मोठ्या कौतुकाने सांगत असे. कुंपणानेच शेत खाल्ले! मला कोडे पडले ते एवढेच, की शहाण्यासुरत्या माणसांनी फळीत सोमल घातला कशासाठी? आणि पहिल्यांदा घातला कोणी? जुनी खोड जात नाही. मी गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागलो. बर्फ पडू लागले तरी जात राहिलो. शोधाच्या शेवटी मी ज्या गावी येऊन पोहोचलो ते गाव अमेरिकेत नव्हते, विलायतेत नव्हते, आपल्या हिंदुस्थानात होते. पण तेथे जाण्याआधी आमच्या आजोबांच्या मेढीपासून सुरुवात केली पाहिजे.

दापोलीच्या बाजूला आमचे घर. पाऊस सरून दिवाळी झाली, शेते कापून गुरे मोकळी सुटली की भाजीच्या वाफ्यांभोवती वई घालावयाची, हा दरसालचा उद्योग. काट्याकुट्यांची, बांबूच्या आडव्या पट्ट्यांची ती वई एका वर्षाची सोबतीण. पण तिला आधार देणाऱ्या मेढी लाकडाच्या, आणि त्या पाचसहा वर्षे तरी टिकल्या पाहिजेत, ह्याविषयी आजोबांचा आग्रह असे. मेढी खैराच्या किंवा किंजळाच्या. प्रत्येकीचे जमिनीत जाणारे बूड ते आधी विस्तवावर काळे होईपर्यंत भाजून घेत. मग त्यावर काजूच्या टरफलाचे तेल चोपडावयाचे; नसेल तेव्हा डांबर. हे तेल मोठे जहाल. होड्यांना आणि जाळ्यांना कोळी लोक तेच लावीत. अंगावर उडाले तर बिब्बा उतल्यासारखे फोड येत; म्हणून आम्हां मुलांना त्या दिवशी अंगणात येण्याची बंदी असे. बांबू तोडले की ओढ्यात दगडाखाली तीनचार आठवडे बुडवून ठेवीत. त्यामागचे कारण पुढे कळले. बांबूतला पिठूळ अंश पाण्यात निघून जातो आणि भुंगा ज्यासाठी येतो ते खाद्यच उरत नाही.

एकदा जुनी मेढ उपटताना मी पाहिले की वरचा भाग टणक होता, जमिनीत खोल गेलेले टोकही बरेच शाबूत होते, आणि मधला, मातीच्या पातळीवरचा चार बोटांचा भाग मात्र भुसा झाला होता. मी सुताराला विचारले. तो म्हणाला, "बाळ, लाकूड पाण्यात मरत नाय, वाऱ्यावर मरत नाय. ते उंबऱ्यावर मरतं."

ह्याहून नेमके उत्तर मला पुढे कुठल्याच ग्रंथात मिळाले नाही. लाकूड कुजते म्हणजे बुरशी त्याला खाते. बुरशीला अन्न हवे, ऊब हवी, पाणी हवे आणि हवा हवी. लाकडातला ओलावा शेकडा वीसच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. लाकूड पाण्यात पुरते बुडाले तर तिचा श्वास कोंडतो. कुंपणाच्या खांबाचे दुर्दैव असे की ओल आणि हवा ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या घोट्यापाशी बारा महिने एकत्र नांदतात.

ह्याचे दाखले आपल्याच देशात दोन टोकांना उभे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहा. दगडी छताखाली सागाच्या लाकडी कमानी बसवलेल्या दिसतात. त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. बाहेर मावळचा पाऊस कोसळत असतो, आत कमानी कोरड्या. त्यांना ना कोणी तेल लावले, ना डांबर. दुसरे टोक पाटण्याला. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसाने पाटलिपुत्राभोवती लाकडी तटबंदी असल्याचे लिहिले होते: ५७० बुरूज, ६४ दरवाजे, बाहेर खंदक. एवढ्या मोठ्या राजधानीला लाकडाचे कुंपण! पुष्कळांना ही ग्रीकांची अतिशयोक्ती वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्पूनर ह्या पुरातत्त्वज्ञाने पाटण्याजवळ कुमराहार येथे उत्खनन केले; त्याचा खर्च आपल्या मुंबईच्या रतन टाटांनी उचलला होता, हे मुद्दाम सांगावयास हवे. पुढे जवळच्याच बुलंदीबागेत खणताना ओल्या चिखलात खोलवर त्या तटाचे सालाचे ओंडके, एकाला एक लागून, उभेच्या उभे सापडले. बावीस शतके ते पाण्याखाली श्वास कोंडून उभे होते, म्हणून वाचले. वरचा, उंबऱ्यावरचा भाग केव्हाच गेला होता.

मध्यल्या लोकांनी, म्हणजे ज्यांचे लाकूड ना कार्ल्यात ना चिखलात, त्यांनी काय केले? काहींनी हात टेकले आणि कुंपण दगडात उतरवले. सांचीच्या स्तूपाभोवतीची वेदिका नीट पाहिली तर ती शुद्ध सुतारकाम आहे. उभे स्तंभ, त्यांना भोके पाडून आरपार घातलेल्या आडव्या सूची, आणि वर डोक्यावर बसवलेले उष्णीष. दगडाला असल्या खोबणी-सांध्यांची काय गरज? पण लाकडी कुंपणाचा आकार लोकांच्या डोळ्यांत इतका बसलेला होता, की पाथरवटाने सुताराचाच कित्ता गिरवला. भारहूतची वेदिका तशीच. कनिंगहॅमला ती १८७३ साली सापडली आणि आज ती कलकत्त्याच्या संग्रहालयात आहे. भाजे, बेडसे, कान्हेरी येथे तर कातळावरच वेदिकेची नक्षी पट्टीसारखी कोरून काढली आहे. वाळवीला आणि पावसाला दिलेले ते सर्वांत महाग उत्तर होते. आमच्या आजोबांच्या वांग्याच्या वाफ्याला ते परवडण्याजोगे नव्हते.

स्वस्त उत्तर म्हणजे लेप. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाचा पाठ दिला आहे. कच्ची टेंभुर्णी, कच्ची कवठे, सावरीची फुले इत्यादी पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवावयाचा. मग त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बे, जवस, बेल वगैरे घालून तो कढत कढत फासावयाचा. देवळे, वाडे, मूर्ती, भिंती, विहिरी ह्यांसाठी तो सांगितला आहे; कुंपणाचे नाव त्यात नाही, पण राळ, बिब्बा आणि जवस ही नावे वाचून मला आजोबांचे अंगण आठवले. टिकाऊपणाची हमी मात्र वराहमिहिराने एक कोटी वर्षांची दिली आहे. आजचा कोणताही रंगवाला इतका धीट नाही.

लेपाची अडचण एकच. तो वर बसतो. फळीला एक चीर पडली, एक खिळा मारला, की बुरशीला दार उघडे. भाजलेल्या बुडाचेही तेच. कोळशाचा थर पातळ असतो, त्याला भेगा जातात, आणि नुसत्या भाजण्याने खांबाचे आयुष्य फारसे वाढत नाही असे पुढच्या प्रयोगांत दिसून आले. आजोबांच्या मेढी टिकत त्या बहुधा खैराच्या अंगच्या गुणाने आणि त्या जहाल तेलाने. औषध लाकडाच्या पोटात गेले पाहिजे, आणि गेल्यावर तेथे राहिले पाहिजे. पुढची सारी कथा ह्या दोन अटींची आहे.

ह्या कथेला वेग आला तो विलायतेत, आणि निमित्त झाले आरमार. नेपोलियनशी झगडताना इंग्रजांनी घाईघाईने ओल्या लाकडाची जहाजे बांधली आणि ती बंदरातच कुजू लागली. १८१० साली पाण्यात सोडलेले 'क्वीन शार्लट' हे थोरले लढाऊ जहाज समुद्रमोहिमेवर जाण्याआधीच आतून सडलेले निघाले. आपल्याकडे मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी मलबारी सागाची जहाजे बांधीत होती, त्यांची गोष्ट निराळी. त्यांतले १८१७ सालचे 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. पण साग सर्वांना कोठून मिळणार?

जॉन हॉवर्ड कायन हा आयर्लंडचा मनुष्य. बापाची विकलो परगण्यात तांब्याच्या खाणींत भागीदारी. १८१२ पासून तो लाकूड कुजू नये म्हणून खटपट करीत होता. अखेर त्याला गवसला तो पाऱ्याचा एक क्षार, आपल्या वैद्यांच्या रसकापुराच्या जातीचा. त्याच्या पाण्यात लाकूड भिजत ठेवावयाचे. वूलिचच्या आरमारी गोदीत एक बुरशीचा खड्डा होता. त्यात मुद्दाम सडके लाकूड भरलेले असे. कायनने औषध दिलेला ओकचा ठोकळा त्यात टाकला. तीन वर्षांनी काढला तेव्हा तो जसाच्या तसा होता. १८३२ साली त्याला पेटंट मिळाले, आणि १८३३ च्या फेब्रुवारीत खुद्द फॅरडेने ह्या शोधावर व्याख्यान दिले.

माझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. कायनच्या शोधाची जाहिरात कशाने झाली? बागेच्या कुंपणाने! लंडनमधल्या रीजंट्स पार्कच्या आतल्या वर्तुळाभोवती १८३५ च्या सुमारास त्याच्या लाकडाचे कुंपण उभारण्यात आले आणि त्यावर ठिकठिकाणी पितळेच्या छोट्या पट्ट्या ठोकण्यात आल्या. हे लाकूड कायनच्या रीतीने पक्के केलेले आहे, असा मजकूर त्यांवर होता. रविवारी फिरावयास येणाऱ्या सभ्य स्त्रीपुरुषांनी, त्यांच्या मुलाबाळांनी त्या कुंपणाला टेकून गप्पा मारल्या असतील. पाऱ्याच्या विषाचा विचार कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही. पाहता पाहता कंपनी निघाली, पार्लमेंटचा कायदा झाला, हौद बांधले गेले. पण रसकापूर महाग; लोखंडाला खाई; खिळे झिजत; आणि पावसाने थोडाथोडा धुवूनही जाई. दुसरी अट पुरी होईना. कायन पुढे अमेरिकेत गेला आणि १८५० साली न्यू यॉर्कला वारला. मी बसलो होतो त्या वाचनालयापासून ते शहर तासाभराच्या अंतरावर.

पहिली अट पुरी केली ती जॉन बेथेलने, १८३८ साली. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे क्रिओसोट नावाचे काळे, उग्र वासाचे तेल त्याने निवडले. लाकूड लोखंडी पिंपात घालून झाकण लावावयाचे, आतली हवा पंपाने ओढून घ्यावयाची, म्हणजे लाकडाची रंध्रे मोकळी होतात; मग तेल सोडून दाब द्यावयाचा. तेल पोटात शिरते. त्याच साली बर्नेट नावाच्या आरमारी वैद्याने जस्ताच्या क्षाराचे पेटंट घेतले, पण तेही पाण्यात विरघळणारे. क्रिओसोट जिंकले, कारण आगगाड्या आल्या होत्या आणि रुळांखालच्या स्लीपरांना हेच हवे होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्यानंतरच्या वर्षांत आपल्या देशात रूळ पसरत गेले तसे विलायतेहून क्रिओसोट पाजलेले पाइनचे स्लीपर जहाजांतून येत. आणि ते पुरत नाहीत म्हणून आपला साग, साल आणि देवदार कुऱ्हाडीखाली गेले. जंगले उजाड होताना पाहून सरकारने १८६४ साली ब्रँडिस ह्या जर्मन वनस्पतिज्ञाला वनखात्याचा प्रमुख नेमले. जंगल वाचवावयाचे आणि स्लीपरही पुरवावयाचे! ह्या ओढाताणीतून एक प्रश्न उभा राहिला: चिरासारख्या हलक्या, लवकर कुजणाऱ्या, पण मुबलक लाकडाला सागाचे आयुष्य कसे द्यावे?

आता देहरादूनला जाऊ. १९०६ साली तेथे वनसंशोधन संस्था निघाली. तिची आजची प्रशस्त इमारत १९२९ साली उघडली. तेथे सोंटी कामेशम नावाचे आंध्र प्रदेशाकडचे संशोधक लाकडाच्या औषधांवर काम करीत होते. जर्मनीतल्या रिचर्ड फाल्क ह्या बुरशीच्या पंडिताबरोबर त्यांनी सोमल आणि डायक्रोमेट ह्यांचे एक मिश्रण आधी तयार केले होते, आणि दोघांची नावे जोडून त्याला 'फाल्कामेसम' म्हणत. १९३३ साली कामेशम ह्यांनी त्यात तिसरी वस्तू घातली. ती वस्तू आपल्या प्रत्येक बागाईतदाराच्या घरात असते: मोरचूद.

ह्यातली खुबी आपल्या रंगाऱ्याला चटकन कळेल. नुसत्या रंगात कापड बुडवले तर पहिल्या धुण्यात रंग जातो. तुरटी दिली की तो धाग्याला धरून बसतो. कामेशम ह्यांच्या मिश्रणात मोरचूद बुरशीला मारी आणि सोमल वाळवीला व भुंग्याला. पण ही दोन्ही पाण्याने धुवून जाणारी. त्यांना धरून ठेवणारी तुरटी म्हणजे क्रोमियमचा क्षार. लाकडात शिरताच लाकडाच्या घटकांशी त्याची क्रिया होते, त्याचे रूप बदलते, आणि तांबे व सोमल ह्यांना तो लाकडातच जखडून टाकतो. मग पाऊस पडो की चिखल लागो, औषध बहुतांशी जागचे हलत नाही. वास नाही, हात काळे होत नाहीत, वरून रंगही देता येतो. लाकूड तेवढे किंचित हिरवे दिसते. पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांना जी दुसरी अट इतकी वर्षे नीट साधली नव्हती ती देहरादूनला साधली. आर्सेनिक आणि तांबे ह्यांची रसायनशास्त्रातली चिन्हे जोडून त्या औषधाचे नाव पडले 'आस्कू'. १९३८ साली कामेशम ह्यांना अमेरिकेतही पेटंट मिळाले.

तो कागद माझ्या समोर आला तेव्हा मी खुर्चीतच ताठ बसलो. जावयाच्या परसातले ते परके, हिरवट, विषारी लाकूड हे आपल्याच माणसाचे अपत्य! आधी अभिमान वाटला, आणि पाठोपाठ मेथीची जुडी डोळ्यांपुढे आली. आजही ह्या दोहोंपैकी एकच काय ते मला निवडता येत नाही. कामेशम ह्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तारांचे खांब, पूल, स्लीपर असावेत. आणि एक खांब चाळीस वर्षे टिकला तर तेवढ्या काळात तोडावी लागणारी सातआठ झाडे जंगलात उभी राहतात, हा हिशेब काही लहान नव्हे. पण औषध इतके गुणी निघाले, की दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९७० च्या पुढे, अमेरिकेत ते खांबांवरून उतरून घराघरांत शिरले. बागेची कुंपणे, ओसऱ्या, बाके, मुलांचे झोपाळे आणि घसरगुंड्या! तेथे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मिश्रणात शंभरांत सुमारे ३४ भाग सोमलाचे ऑक्साइड असे. ते जखडलेले असले तरी सर्वच्या सर्व नाही. थोडेथोडे फळीच्या पृष्ठावर येते, खांबाच्या बुडाशी मातीत उतरते. मोठ्या माणसाला त्याचे काही वाटू नये. पण लहान मूल फळीला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते. ही चिंता वाढत गेली. २००२ साली कारखानदार आणि सरकार ह्यांच्यात ठरले आणि २००३ अखेर घरगुती कामासाठी असे लाकूड तयार करणे तेथे बंद झाले. युरोपातही २००४ पासून त्यावर निर्बंध आले. खांबांना आणि समुद्रातल्या कामांना मात्र ते पुढेही चालू राहिले. उभी असलेली कुंपणे पाडा, असे सरकारने कोणाला सांगितले नाही. जाळू नका, एवढे मात्र निक्षून सांगितले. आमची दिवाळी त्यानंतरची पहिलीच!

घरात ह्यावरून मतभेद झाले. मुलीचे म्हणणे, सारे कुंपण उपटून टाकावे. जावईबापूंनी हिशेब मांडला. आकडा ऐकून सगळेच गप्प झाले. शेवटी सरकारी सल्ल्याप्रमाणे करावयाचे ठरले. फोडलेले तुकडे आणि गवतावर उडालेल्या ढलप्या मी हातमोजे घालून एकेक करून वेचल्या. त्याला दोन सकाळी गेल्या, आणि दर ढलपीला मला माझी कुऱ्हाड आठवत होती. जाड पिशव्यांत बांधून ते सारे नगरपालिकेच्या कचराकेंद्रावर पोहोचते केले. मेथीचा वाफा घराच्या दुसऱ्या अंगाला, नव्या मातीत हलवला. आणि उभ्या कुंपणाला आत मुरणारे तेल दरएक-दोन वर्षांनी द्यावयाचे ठरले. त्याने पृष्ठावर येणारा सोमल बराच दबून राहतो.

हे तेल देण्याचे काम एप्रिलात, आमच्या परतीच्या आठवड्याभर आधी निघाले. मोठी माणसे वरच्या फळ्यांना, आणि हट्ट धरून बसलेला नातू, कोपरापर्यंत हातमोजे घालून, खालच्या फळीला. आधी घासून घेऊ का, असे त्याने विचारले. घासावयाचे नाही, भुकटी उडते, असे मी त्याला सांगितले. तेलाला जवसाचा ओळखीचा वास होता. ब्रश ओढता ओढता तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या आजोबांनी काय लावलं होतं?"

"काजूच्या टरफलाचं तेल."

"ते चांगलं होतं?"

"अंगाला लागलं तर फोड यायचे. आम्हांला अंगणात यायची बंदी होती."

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, दोन्ही हातमोजे पुन्हा नीट वर ओढून घेतले, आणि खांबाच्या बुडाकडे वळला.